डाव्या हातातली कोयती

शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणितवाल्यांची हक्काची चराऊ जमीन. अभ्यास मागे पडला की तो तास मागायचा आणि ड्रॉइंगच्या मास्तरांनी हसतमुखाने सोडून द्यायचा, ही सगळीकडची रीत. मी वालावलची. मालवणजवळच्या या खाडीकाठच्या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मीही याकूब सरांकडे तास मागायला गेले. ते खिडकीशी पेन्सिली तासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "देतंय मा, बाई. पन माझी पोरां आज बदकां धरतत. ती धरून झाली की न्या."

वर्गात डोकावले, तर टेबलावर काळ्या पुठ्ठ्याचं एक भलंथोरलं पुस्तक उघडं होतं आणि सातवीचा अख्खा वर्ग त्याच्यावर वाकला होता. पुस्तकात युरोपातली जुनी कोरीव चित्रं होती. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापली होती. सगळी शिकारीची, मासेमारीची, रानातून आणि पाण्यातून काहीबाही गोळा करण्याची. उघड्या पानावर माणसं गळ्याइतक्या पाण्यात उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर पोकळ भोपळा, त्याला डोळ्यांपुरती भोकं. बदकांना वाटावं भोपळे तरंगताहेत, आणि माणसाने पाण्याखालून त्यांचे पाय ओढावेत.

"ह्यां खरां आसा काय?" सरांनी विचारलं.

मागच्या बाकावरचा एक होडीवाल्याचा पोरगा म्हणाला, "सर, आमच्या खाडीत आदी भोपळो व्हावान जातलो, मागसून माणूस."

सरांनी त्याला तिथल्या तिथे पैकीच्या पैकी गुण दिले. मला तास काही मिळाला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे सर निवृत्त होईपर्यंतही नाही.

याकूब सर उंच, किडकिडीत, किंचित पोक काढून चालणारे. नखं कायम काळी, शाईने. घराण्यात सगळे समुद्रावरचे. वडिलांच्या आणि चुलत्यांच्या होड्या होत्या, भाऊ आखातात बोटीवर. हा एकच मुलगा मुंबईला चित्रं शिकायला गेला आणि परत येऊन मास्तर झाला. ते पुस्तक त्यांनी तिथल्या फुटपाथवर घेतलेलं. त्यातली भाषा त्यांना येत नव्हती, आम्हा कुणालाच येत नव्हती. "वाचूचा कित्याक? बघूचा," असं म्हणून ते पान उलटत. मी एकदा म्हटलं, शब्दकोश मागवू या का. त्यावर ते इतके दुखावले, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मुंबईत ते तांब्यावर कोरायला शिकले होते. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवायचा, पोलादी कोरणी तळव्यात धरायची आणि रेघ वळवायची झाली की हात हलवायचा नाही, उशीवरचा पत्रा फिरवायचा. ही एक गोष्ट सर जन्मभर सगळ्यांना सांगत आले. वर्तुळ वाकडं येणाऱ्या पोराला, वेळापत्रकावरून तणतणणाऱ्या मुख्याध्यापकांना, सासूशी पटत नाही म्हणून स्टाफरूममध्ये डोळे पुसणाऱ्या बाईंना, सगळ्यांना एकच औषध: "हात थारो ठेव, पत्रो फिरव." मुख्याध्यापकांना याचा भयंकर राग यायचा. मलाही यायचा, आणि घरी गेल्यावर पटायचं.

त्या पुस्तकाकडे बघायची त्यांची एक खास नजर होती. एक दिवस माझ्यापुढे तीन-चार पानं उघडून म्हणाले, "बाई, गणित सोडवा. ह्येंतले इतके जण डावरे कशे?" खरंच, रानडुकरावर भाला उगारणारा डावखुरा, जाळं फेकणारा डावखुरा, झाडावर चढून मधाचं पोळं कापणाराही डावखुरा. मी म्हटलं, असतील त्यांच्या देशात. सर खदखदून हसले. मग त्यांनी समजावलं. पत्र्यावर जे उजवीकडे कोरलं ते कागदावर डावीकडे उमटतं. आरशातल्यासारखं. म्हणून कोरणाऱ्याने आधीच चित्र उलटं करून घ्यायचं असतं. जो विसरला किंवा ज्याने कंटाळा केला, त्याचे शिकारी छापल्यावर डावखुरे होतात. "इतको मोटो कलाकार, घोड्याच्या शेपटीचो केस नि केस कोरल्यान, आनी हात इसारलो," असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. या चुकीचं त्यांना फार कौतुक होतं. नवी माणसं भेटली की ती दाखवून ते असे खूश व्हायचे, जणू त्या परक्या कोरक्याची खोडी त्यांनीच जाऊन पकडली होती.

पण त्याला दुसऱ्या कुणी हसलेलं मात्र त्यांना खपत नसे. आमच्या किनाऱ्यावर एकदा मेलेला देवमासा लागला. सर आठवीच्या पोरांना घेऊन निघाले, काखेत पुस्तक. नाकाला पदर लावून मीही गेले. पुस्तकातल्या देवमाशाला कुत्र्यासारखं नाक होतं, कान होते आणि डोक्यावर दोन नळकांडी. खरा देवमासा पुढ्यात पडलेला, त्यामुळे पोरं त्या चित्राला हसून हसून वाळूत लोळायला लागली. सरांनी पुस्तक मिटलं.

"त्येका कोणीतरी सांगल्यान, तसो त्येनी काढल्यान," ते म्हणाले. "तुमच्या म्होरे तर अख्खो पडलो हा. काढा बघू."

पोरांनी नाकं दाबून काढला. निम्म्यांनी त्याला पापलेटासारखी शेपटी काढली, उभी, आणि खऱ्या देवमाशाची तर आडवी समोर दिसत होती. सरांनी एकेकाची वही बघितली आणि एवढंच म्हणाले, "आयकून काढलंस तर दुसऱ्याची चूक काढतंस. बघून काढ. मगे चुकलंस तरी ती तुझी सोताची." गणिताच्या तासाला हे वाक्य मी पुष्कळदा चोरून वापरलं आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत छापखाना काढला. छापखाना म्हणजे एक मोडीत निघालेला उसाच्या रसाचा चरक. त्याच्या रुळांवरचे दाते कुडाळच्या कारखान्यातून गुळगुळीत कातून आणले, मध्ये फळी बसवली. फळीवर शाई भरलेला पत्रा, वर ओला कागद, त्यावर घोंगडीचा तुकडा, आणि चाक फिरवायचं. चरकाचे घुंगरू मात्र काढले नाहीत. त्यामुळे छाप निघाला की छुमछुम सगळ्या वाडीभर ऐकू जायची आणि शेजारची पोरं रस प्यायला आल्यासारखी धावत यायची.

त्या पुस्तकात राजे आहेत, घोडे आहेत, पण आपली माणसं नाहीत, ती आपण करायची, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. वाळूवर रापणीचं लांबलचक जाळं ओढणारी माणसं त्यांनी कोरली. पहिल्या पावसाळी पाण्यात शेतात चढणारे मासे काठीने मारणारे आमच्या वालावलकडचे शेतकरी कोरले. भोकात हात घालून कुर्ली, म्हणजे मोठा खेकडा, ओढणारा म्हातारा कोरला. सगळे उजव्या हाताचे. सर आधी कागदावर काढत, तो कागद उलटा करून पत्र्यावर उतरवत आणि मगच कोरणी हातात घेत. मोजके छाप काढून झाले की पत्र्यावर कोरणीने एक आडवी खोल रेघ मारून तो मोडून टाकत. पत्रा मोडला की मागाहून कुणाला चोरून छापता येत नाही, ही कोरक्यांची जुनी रीत. मला ते बघवायचं नाही. सर म्हणत, "काम झाला त्येचा. आता तो भांडा."

एकच चित्र ते वर्षानुवर्षं पुढे ढकलत होते. झुलेखाभाभींचं.

भाभी त्यांच्या बायको. माहेर आरोंद्याचं, खाडीकाठचं. ओहोटी लागली की खडकांवर बसून कोयतीने कालवं फोडून काढण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. आणि तो हात होता डावा. लहानपणी आईने, त्यांच्या भाषेत आवशीने, त्या हाताला फडकं बांधून ठेवलं, रट्टे दिले. जेवण उजव्या हाताने झालं, देणंघेणं उजव्या हाताने झालं, पण कोयती काही उजव्या हातात बसली नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्या ओहोटीला सासूबरोबर खडकांवर गेल्या, तर सासूनेही तेच सुरू केलं: उजव्या हाताने काढ, लोक बघतात. नव्या नवरीने उजव्या हाताने कोयती मारली आणि कालवाच्या शिंपीने बोट कापून घेतलं. मागून सर आले होते. सगळ्या बायकांदेखत त्यांनी तिच्या उजव्या हातातली कोयती काढून डाव्या हातात दिली. "जो चलता त्येना काम कर गो," एवढंच बोलले आणि परत गेले. हे मला भाभींनी सांगितलं, कांदा चिरता चिरता. सांगताना आवाज बारीक झाला होता. तो कांद्यानेच झाला, असं म्हणायची माझी तयारी नाही.

तेव्हापासून सरांनी कबूल केलं होतं की तुला तांब्यावर कोरीन. भाभी अधूनमधून टोमणा मारत, "माज्यापरास कुर्ल्यो आदी झाल्यो." सर म्हणत, हात तेवढा बसू दे. हात बसेपर्यंत डोळे गेले. काचबिंदू होता आणि तो उशिरा कळला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते जमेल तितकं टिकवायचं. त्या संध्याकाळी मी घरी गेले, तर सर ओट्यावर बसून नवा पत्रा घासत होते. म्हणाले, "एकच व्हयतला आता, बाई. तिचा."

घरात कागदावरची पेन्सिल त्यांना दिसेना. रेघ उलटी उतरवायची तर आधी ती दिसायला हवी. पण उन्हात धरलं की कोरलेलं तांबं चमकतं, आणि ती चमक तेवढी दिसायची. म्हणून ते पत्रा आणि वाळूची उशी घेऊन ओहोटीला थेट खडकांवरच जाऊन बसले. समोर भाभी कालवं काढताहेत आणि हे तांब्यावर कोरताहेत. महिनाभर हे चाललं. पाण्यात पाय सोडून, डोक्यावर टॉवेल टाकून बसलेले सर लांबूनही ओळखू यायचे. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस घुंगरू वाजले. आम्ही सगळे गेलो. त्यांचा जुना विद्यार्थी नितीनही होता, त्याचं आता तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांचं हॉटेल आहे. आम्ही छापावर वाकलो. ओला खडक, पायाशी टोपली, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, वाकलेली मान, आणि कालवावर उतरणारी कोयती. नितीन म्हणाला, सर, हे मी माझ्या हॉटेलात समोरच्या भिंतीवर लावणार. भाभी शेवटी आल्या. त्या खोलीत कधी यायच्या नाहीत, शाईच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं. हात पुसत दारातच उभं राहून त्यांनी छाप बराच वेळ पाहिला.

"बरां काढल्यात," त्या म्हणाल्या. "पन ही मी न्हय. माज्या आवशीक व्हयी होती ना, ती ही."

चित्रातली कोयती उजव्या हातात होती.

सरांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "बाई, खंयचो हात?" मी सांगितलं. ज्या चुकीला ते जन्मभर मांडीवर थाप मारून हसले, तीच चूक झाली होती. बघून कोरलं होतं, समोर बसून, जसं दिसलं तसं. उलटं करायचं तेवढं राहिलं. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी चरकाच्या चाकाला धरलं आणि खाली बसले. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला माझी स्वतःची एखादी गोष्ट बिघडल्यावरही वाटलेलं नाही.

नंतर त्यांनी दुसरा पत्रा घेतला. कोरणी सटकली आणि बोटात घुसली. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा भाभींनीच तो काढून घेतला. नितीन पुन्हा आला. म्हणाला, "सर, आसा ता छापूया. येणाऱ्या पावण्यांका काय कळतला, डावो की उजवो?"

"पावण्यांका कळाचा नाय," सर म्हणाले. "तिका कळतला."

आणि पत्रा मोडायचा ठरवला. मी नेमकी तेव्हा गेले होते. ओट्यावर ऊन होतं. सरांनी कोरणी जवळ घेऊन ठेवली होती, पण पत्रा शाईने काळा होता आणि मोडण्याआधी तो एकदा स्वच्छ, उन्हात बघावा असं त्यांच्या मनात आलं. दिसेल तेवढा. एरवी पत्रे ते स्वतः विहिरीवर नेऊन कोकमाच्या आगळाने आणि मिठाने धूत. आता ते काम त्यांना उरकेना. त्यांनी हाक मारली, "गो, जरा घासून दी."

भाभी वाटीत आगळ घेऊन आल्या. पाटावर बसल्या, तांब्याचा हंडा घासावा तसा पत्रा घासायला लागल्या, डाव्या हातानेच. काळं पाणी ओट्यावरून वाहू लागलं. मी सरांशी काहीतरी बोलत होते, पेन्शनीबद्दल की कशाबद्दल. घासण्याचा आवाज थांबला म्हणून मी वळून बघितलं.

भाभींनी पत्रा तिरपा करून उन्हात धरला होता. लालसर, लखलखीत तांबं आणि त्यात बारीक रेघा. त्यांनी त्याच्यापुढे आपला डावा हात धरला, मग पत्र्याकडे बघितलं, पुन्हा हाताकडे.

"अवो," पत्र्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मी हय आसंय."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. मलाही लागला, आणि मी म्हणे गणित शिकवलेली बाई. कागदावर जे उलटं पडलं, ते तांब्यावर सरळच होतं. त्यांनी बघितलं तसंच कोरलं होतं, आणि डाव्या हातातली कोयती तिथे डाव्या हातातच होती. आम्ही सगळे कागदाकडे बघत राहिलो. पत्रा म्हणजे नुसतं अवजार, काम झालं की भांडं, हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. भाभींना ते कुणी शिकवलं नव्हतं.

"ह्यां मोडतल्यात तुमी?" त्यांनी विचारलं. "माका?"

सरांनी हात पुढे केला. भाभींना वाटलं पत्रा मागताहेत, म्हणून त्यांनी तो मागे ओढला. पण सरांनी कोरणी उचलून त्यांच्या ओंजळीत टाकली. म्हणाले, "ठेव ही खंय तरी. माका नको आता."

निघालेला तो एकुलता एक छाप त्यांनी चुलीत घातला. नितीनने कपाळावर हात मारला. पत्रा माजघरात, दारातून आत येणाऱ्याला समोर दिसेल असा लागला. छापाच्या जागी पत्राच भिंतीवर लावलेलं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. दर शुक्रवारी भाभी तो उतरवत आणि आगळाने घासून पुन्हा लावत. मी एकदा घाबरून म्हटलं, घासून घासून रेघा पुसट होतील हो. भाभी म्हणाल्या, "मी तरी खंय तशीच रवलंय?"

सरांना मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका शुक्रवारी, दुपार कलताना. डोळ्यांत तोवर काहीच उरलं नव्हतं. ओट्यावर खुर्चीत बसले होते आणि नुकताच घासलेला पत्रा मांडीवर घेतला होता. मी आल्याचं त्यांना पावलांवरून कळलं. "बसा, बाई. ती खडपार गेली," म्हणाले. कागदावरच्या छापाचा त्यांना आता काही उपयोग झाला नसता, तो हाताला सपाटच लागला असता. तांब्यावरच्या रेघा मात्र बोटाला लागत होत्या. टोपलीवरून, लुगड्याच्या चुण्यांवरून, खांद्यावरून बोट हळूहळू उतरत आलं आणि मनगटाशी थांबलं.

ओहोटी पुरती लागली होती. मागच्या खडकांवर भाभी आणि गावातल्या बायका बसल्या होत्या आणि कोयत्यांचे आवाज येत होते, ठक ठक, कुठले जवळचे, कुठले लांबचे, सगळे एकमेकांत मिसळलेले. मला ते सगळे सारखेच वाटत होते. सरांनी मान जराशी तिरकी केली.

"आयकलात?" ते म्हणाले. "ह्यो तिचो."

मी कान देऊन ऐकलं. मला काही वेगळं कळलं नाही, पण त्यांचं बोट त्या तांब्याच्या हातावर, मोजक्याच ठोक्यांना, बरोबर पडत होतं. मध्येच ते थांबलं. खडकांवरचे इतर आवाज चालूच होते.

"आता पान खाता," सर म्हणाले, आणि ती पुन्हा सुरू करीपर्यंत बोट तसंच ठेवून बसून राहिले.